आक्काची उंच गाडी

आमची घरमालकीण आक्का जिथं थांबायला सांगाल तिथं गाडी कधीच थांबवायची नाही. दुकानात जायचं असलं तर ती चार दुकानं पुढं जायची, कारण तिथं गटाराचा कट्टा डाव्या हाताला वर आलेला होता. देवळात जायचं असलं तर देवळाच्या दारात नाही, पलीकडं वडाचं मूळ जमिनीबाहेर आलंय तिथं. लोकांना सवय झाली होती. आक्काची गाडी दिसली की ज्याला पीठ घ्यायचंय तो आपलं दार सोडून त्या त्या ठिकाणी जाऊन उभा राहायचा. एकदा रामनगरच्या नाक्यावर नवा पोलीस आला होता, त्यानं हात केला. आक्का त्याच्यासमोरून तशीच पुढं गेली. "एय, निल्लू! निल्लू!" असं कानडीत थांब थांब करत तो बिचारा टोपी सांभाळत मागं पळाला. आक्का रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याला पाय लावून शांत उभी. "निल्लू म्हनतोयस, पन तुझ्यासमोर खड्डा हाय. पडले तर तू उचलणार हाईस काय मला?" त्यानं कागद बघितले, गाडी बघितली, आक्काला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, त्याला काही फार वेळ लागला नाही, आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तो मोरीपाशीच उभा राहायला लागला.

आक्का म्हणजे सगळ्या गावाचीच आक्का. रामनगरात तिची पिठाची गिरणी, गिरणीमागं घर, आणि घराला लागून एक खोली, ती माझी. मी खानापूरची. रामनगरच्या बाजूच्या एका मराठी शाळेवर अतिथी शिक्षिका म्हणून आले होते. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हटलं तर डाफरली, "तुमी-बिमी म्हनू नको. मी काय तहसीलदार हाय?" तेव्हापासून मी तिला अगंतुगं करायला लागले आणि ती मला "मास्तरणी" म्हणायला लागली. वय पन्नाशीच्या पुढचं. केस पिठानं पांढरे का वयानं, ते काही सांगता यायचं नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आत भावाची जुनी ट्रॅकपँट, डोक्यावर भावाचंच हेल्मेट, ते मोठं व्हायचं म्हणून आत टॉवेलची घडी. पायात कॅनव्हासचे बूट, पण बाजारातून त्याला टायरचा तळवा ठोकून घेतलेला, एकावर एक दोन थर. ती चालायला लागली की घरात कुणीतरी पाट आपटतंय असं वाटायचं.

गाडी मात्र तिच्या मापाची नव्हती. लालभडक, शर्यतीवाल्या पोरांची असते तसली. पुढं वाकून बसायचं, मागची सीट शेपटी वर केल्यासारखी. ती घेतली होती तिच्या धाकट्या भावानं. भाऊ सहा फुटी. "आमच्यात उंची त्यानं नेली, तोंड मी," असं आक्का सांगायची. भाऊ आखातात कामाला गेला आणि गाडी गिरणीच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. आता आक्काची एक पक्की समजूत होती: चालणारी वस्तू बसवून ठेवली की ती घराला खाते. घरात बंद घड्याळ ती एक दिवस ठेवायची नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली आणि म्हैस आटली, गिरणीचा पट्टा तुटला, परसातला फणस लागला नाही. "मंग म्हटलं, हिला फिरवल्याबिगर सुटका न्हाई." मोपेडवर पीठ पोचवायची सवय होतीच. मोपेड विकली आणि ती ह्या गाडीवर चढली. मी म्हटलं, "अगं, भाऊ काय म्हणाला?" तर म्हणे, "काय म्हनतोय? तो तिकडं, गाडी हिकडं."

पहिला येडेपणा आपणच केला, हेही ती न लाजता सांगायची. बेळगावला नेऊन तिनं गाडी खाली बसवून घेतली. मागचं सस्पेन्शन उतरवलं, सीटचा फोम तासला. दोन्ही पाय जमिनीला लागायला लागले, बाई खूश. घरी आणली, स्टँडवर लावली आणि आत गेली. पण गाडी खाली आली तरी स्टँड होता तेवढाच लांब राहिलेला. त्यामुळं डावीकडं कलून उभी राहायची ती गाडी सरळ ताठ उभी राहिली, आणि कुणीतरी जाता जाता धक्का दिला तशी उजवीकडं गेली. तिकडं दळणाचे डबे रांगेत. "नाचणी, तांदूळ, जोंधळा, सगळं एक झालं बघ. गावानं मिसळीची भाकरी खाल्ली, मला शिव्या घालत." शिवाय वाडीच्या रस्त्यावर दगड गाडीच्या पोटाला घासायला लागले. तिनं पुन्हा बेळगाव गाठलं आणि गाडी होती तेवढी उंच करून आणली. तासलेला फोम तेवढा ठेवला. "गाडीचे पाय कापून आपली उंची वाढत न्हाई गे," म्हणाली.

हे सगळं मी हसत ऐकायची. मला काय करायचं होतं? मी बसनं जाणारी बाई. पण गणपती झाले आणि बसची वेळ बदलली.

माझी शाळा बाजारकुणंगच्या अलीकडं, रानातल्या एका वाडीत. मुख्याध्यापकांकडं दोन शाळांचा कारभार, त्यामुळं निम्मे दिवस शाळा म्हणजे मीच. वाडीत घरं होती पण रिकामी खोली नव्हती, म्हणून रामनगरात राहायचं आणि पहिल्या बसनं जायचं, असं चाललं होतं. नव्या वेळेनं बस फाट्यावर पोचायची तेव्हा अर्धी सकाळ उलटलेली असायची. एक दिवस शाळा समितीचे अध्यक्ष पायरीवर माझी वाट बघत बसलेले दिसले. अख्खा जन्म भातशेतीत आणि जंगलकामात गेलेला म्हातारा माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं. "बाई, तुमचा काय दोष न्हाई. पन तुमी येतासा तवा पोरांस्नी भुका लागलेल्या असतात. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर येळेवर येनं जमलं तर बघा. न्हाईतर आमी पोरं जोयड्याच्या हॉस्टेलात घालतो."

पोरं हॉस्टेलात गेली की शाळेला कुलूप. पोरं होतीच किती! हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पहिलीतली शेंबडी पोरं आईला सोडून परगावी झोपणार, आणि मी परत खानापूरला. मला ती शाळा फार आवडायची. सकाळी दप्तरातून माझ्यासाठी करवंदं नाहीतर उकडलेले कणगीचे कंद घेऊन येणारी पोरं दुसरीकडं कुठं मिळतात? त्या दिवशी घरी येऊन मी गिरणीच्या उंबऱ्यावर बसून चक्क रडले.

आक्का चाळण आपटत होती. तिनं मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता ऊठ. गाडी हाय की."

"आक्का, माझे पाय पोचत नाहीत."

"माझे कुठं पोचतात?"

"तू वेगळी."

"व्हय, येगळी. तुझ्यापरास म्हातारी हाय."

मी तिच्यापेक्षाही बोटभर बुटकी, हे सांगून झालं. मला सायकलशिवाय काही येत नाही, हेही सांगून झालं. ती ऐकते कुठली! रविवारी तिला गणेशगुडीच्या एका लॉजवर नाचणीचं पीठ द्यायचं होतं. मला मागं बसवलं, पिठाची पिशवी माझ्या मांडीवर, आणि म्हणाली, "तोंड बंद ठेव आनी माझ्याकडं बघ नुसतं."

मी बघितलं. गणेशगुडीच्या चहाच्या टपरीसमोर नदीत राफ्टिंग करायला आलेल्या शहरी पोरांच्या मोठमोठ्या गाड्या लागलेल्या. आक्का टपरीच्या वरच्या अंगाला गेली आणि गाडीचं तोंड चढाकडं करून लावली. थांबताना ती दोन्ही पाय खाली सोडतच नव्हती. थांबायच्या जरा आधी सीटवरून कंबर डावीकडं सरकवायची, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. एकच पाय, तोही चवड्यावर. आम्ही चहा प्यायलो आणि ती पोरं निघाली. त्यातला एक चांगला उंचापुरा गडी. त्यानं गाडी उताराला तोंड करून टपरीच्या भिंतीला भिडवून लावली होती. दोन्ही पाय चांगले सपाट टेकत होते, पण वजनदार गाडी चढावर मागं ढकलायची म्हणजे पाय टेकून काय उपयोग? तो ढकलतोय, गाडी हलत नाही. मित्र हसायला लागले तसा चिडला, हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला आणि गाडीसकट आडवा झाला. आक्कानं चहाचा घोट संपवला. "बघितलंस? त्याला पाय हाईत की. लांबलचक हाईत." आणि उठून त्याला गाडी उचलायला मदत करायला गेली, तोंडानं त्याची खरडपट्टी काढत.

परत येताना मी म्हटलं, शिकव.

शिकाऊ लायसन्स काढलं, आणि पुढं कितीतरी दिवस तिनं मला गाडीवर बसूच दिलं नाही. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मैदानात जायचं आणि गाडी नुसती हातानं चालवत न्यायची. डाव्या बाजूला उभं राहून टाकी कमरेला टेकवायची, म्हैस पाण्यावर नेतो तशी फिरवायची. "आधी हिचं वजन वळखीचं कर. अनोळखी वजनच अंगावर पडतंय." टाकी कधी पूर्ण भरायची नाही, निम्मीच, कारण वरचं वजन जड. चढायचं ते स्टँड खाली ठेवून, डावा पाय फूटरेस्टवर, झाडावर चढतो तसं. वळायला जागा नसेल तर सरळ खाली उतरून ढकलत वळवायची. "लाजायचं कशाला? लाजून पडण्यापरास उतरलेलं बरं."

माझ्यासाठीही तिनं टायरच्या तळव्याचे बूट करून आणले. एकच थर दिला. मी म्हटलं, "मला का कमी?" तर म्हणे, "जास्त जाड झाला तर गिअर कळत न्हाई पायाला. मला सवय हाय, तुला न्हाई."

आणि मग आलं ते चालणं. त्यानं माझी रामनगरात शोभा झाली. आक्का पुढं चालणार आणि मी गाडीवर तिच्या मागून. तिच्या पुढं जायचं नाही, पाय खाली टाकायचा नाही. गाडी पळवायला काय, कुणालाही येते. माणसाच्या चालीनं चालवायला क्लच आणि मागचा ब्रेक बोटाबोटानं सांभाळावा लागतो. आक्का मुद्दाम हळू चालायची. वाटेत कुणी भेटलं की थांबून गप्पा मारायची, "काय तम्मा, आई बरी हाय न्हवं?" आणि मी तिच्याभोवती गरगर फिरतेय, पाय न टेकता, घामानं भिजलेली. पोरंटोरं मागून ओरडायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आक्का, हे काय नवस हाय काय?" आक्का म्हणाली, "व्हय. मास्तरणीच्या शाळेचा."

मी तिच्यावर कितीदा चिडले! एकदा तर गाडी मैदानात टाकून निघून आले. ती मागं आली नाही. गाडी तिथंच आडवी, आक्का तिथंच उभी, दोघी वाट बघत. शेवटी मीच परत गेले. तेव्हा तिनं मला गाडी उचलायला शिकवलं. रानातली बाई भाताचा भारा एकटीनं कसा उचलते, तसंच. हातानं ओढायचं नाही. पाठ गाडीकडं करायची, खाली बसायचं, ढुंगण सीटच्या कडेला लावायचं, एका हातात हँडल, दुसरा हात मागं सांगाड्याला, आणि बारीक बारीक पावलं मागं टाकत पायाच्या जोरावर उठायचं. "आनी उजवीकडं पडली असली तर आधी स्टँड उघड. न्हाईतर उचलशील आनी दुसरीकडं पाडशील." मी उचलली तेव्हा माझा माझ्यावर विश्वास बसेना. आक्कानं एवढंच म्हटलं, "हां. आता चल, दळणं पडल्यात."

लायसन्सच्या परीक्षेला दांडेलीला गेलो. साहेब खुर्चीत बसून एकेकाला आठच्या आकड्यातून गाडी फिरवायला सांगत होते. मला गाडीवर चढताना बघितलं आणि म्हणाले, "कालु तागल्ल अम्मा." पाय लागत नाहीत हो, म्हणजे. आक्का कुंपणाबाहेरून ओरडली, "साहेब, चालत्या गाडीवर तुमचे तरी पाय कुठं असतात?" साहेबांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि मला जा म्हणून खूण केली. मी गेले आणि घाबरले. पहिल्याच वळणावर सवय सोडून पाय खाली टाकला. पाय पोचला नाही, गाडी झोकांडली, पडता पडता वाचले. नापास. डोळ्यांपुढं शाळेचं कुलूप दिसायला लागलं. साहेब भला माणूस, म्हणाले, सगळ्यांचं झाल्यावर पुन्हा एकदा बघू. आक्का कुंपणावर चढून बसली होती. "खाली काय सोनं पडलंय काय बघायला? वर बघ! जिकडं जायाचं तिकडं बघ!"

दुसऱ्यांदा मी समोरच्या सागाकडं बघत निघाले. वळलं की पुढचं झाड, पुन्हा वळलं की त्याच्या पुढचं. आठचा आकडा कधी संपला कळलं नाही. माझ्याआधीच्या दोन उंच पोरांनी पाय टेकले होते, त्यांना पाय टेकायची खोड होती. मला टेकायला पायच नव्हता, म्हणून टेकला नाही. साहेब "पास" म्हणत उठून उभे राहिले, तर आमच्याएवढेच! जाताना त्यांनी आक्काला बाजूला घेऊन हळूच कानडीत काहीतरी विचारलं आणि आक्का कंबर डावीकडं कशी सरकवायची ते त्यांना तिथंच मोकळ्या जागेत दाखवत बसली.

त्या आनंदात मला सुचलं, "आक्का, गाडी मी नेली तर तुझं पीठ?"

"माझा गुडघा गेलाय आता," ती म्हणाली. "मला न्हाई झेपत. लोक येऊन नेतील पीठ. गाडी बसवून ठेवली तर परत घराला खाणार, त्यापरास तू ने." आणि त्या संध्याकाळपासून आक्का लंगडायला लागली.

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. डांबर संपून तांबडी वाट सुरू झाली तोवर सगळं नीट. वाडीच्या अलीकडं एक नाला आहे, त्यात गुळगुळीत गोटे. मला आधी बघून ठेवायला हवं होतं की पलीकडच्या काठाला कुठं उंचवटा आहे. मी बघत होते गोट्यांकडं. पुढचं चाक घसरलं, गाडी उजवीकडं गेली आणि मी चिखलात. आजूबाजूला माणूस नाही, मोबाईलला रेंज नाही. कोपर सोललेलं. मला वाटलं, संपलं. मग मी मोठ्यानं एक शिवी हासडली, शिक्षिकेनं देऊ नये अशी, स्टँड उघडला, पाठ फिरवली, खाली बसले. पहिल्यांदा पाय घसरला. दुसऱ्यांदा टाचेखाली गोटा धरला आणि भारा उचलला. गाडी उभी राहिली.

शाळेत पोचले तेव्हा अध्यक्ष पायरीवर होते आणि पोरं ओळीत उभी. अध्यक्षांनी माझ्या साडीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं.

"पडलासा?"

"पडले."

"उचलली कुनी?"

"मीच."

ते उठून गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं घंटा वाजवली. पोरांनी प्रार्थना म्हटली. माझ्या अंगावरचा चिखल वाळत होता आणि मला इतका आनंद झाला होता की प्रार्थनेचे शब्द मी दोनदा चुकले. हॉस्टेलचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

असं बरंच चाललं. मी सकाळी गाडी काढायची, आक्का लंगडत दारापर्यंत यायची, टाकीत तेल किती ते हलवून बघायची. मग एकदा वाडीत ग्रामसभा होती म्हणून शाळा लवकर सुटली. मी दुपारीच परत निघाले. रामनगरच्या अलीकडच्या चढावर एक बाई डोक्यावर डबा घेऊन झपाझप चाललेली दिसली. गाडीचा आवाज ऐकून ती एकदम रस्ता सोडून काजूच्या झुडपामागं गेली. आक्का बुटकी, ती दिसली नसती. पण झुडपाखाली टायरच्या दोन थरांचे बूट दिसत होते.

तिथं ना कट्टा ना मूळ, कुठं उंचवटा नाही. तरी मी थांबले. कंबर सरकवली, चवडा टेकवला.

"ये बाहेर."

झुडूप जरासं हललं.

"आक्का, ये बाहेर! दिसतेस मला."

ती डोक्यावरच्या डब्यासकट बाहेर आली. लंगडणं विसरली होती. आठवलं तशी एक पाऊल लंगडली, मग तिलाच हसू आलं.

मी भडकले. "गुडघा गेलाय म्हणत होतीस! रोज डोक्यावर पीठ वाहतेस? या वयात? आणि मी तुझ्या गाडीवर मजेत फिरतेय? लोक येऊन नेतात म्हणालीस!"

"काय लोक नेतात. म्हाताऱ्यांच्या घरी कोन नेनार?"

मी उतरले, गाडी स्टँडवर लावली आणि किल्ली तिच्यापुढं धरली. "घे तुझी गाडी. मला नको."

तिनं किल्ली घेतली नाही. "उद्या कशानं जातीस?"

"बसनं."

"आनी पोरं?"

आक्कानं डबा खाली ठेवला, त्याच्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मी तिला दुपारच्या उजेडात असं कधी बसलेलं बघितलं नव्हतं. दमली होती ती.

"सुप्याला माझी शाळा होती," ती म्हणाली. "जुन्या सुप्याला. चौथीत होते. गणित चांगलं होतं माझं, गुरुजी म्हनायचे. मग धरनाचं पानी येनार म्हनून आमाला सामानासकट हिकडं आनून सोडलं. हिकडं आधी घर उभं करायचं, मग विहीर, मग गिरणी. शाळा झाली तवर मी दळणाला बसलेली. मला कुनी विचारलंच न्हाई, शाळेला जातीस काय म्हनून." तिनं बुटातला खडा काढून टाकला. "उन्हाळ्यात धरनाचं पानी उतरतंय तवा लोक जुनं गाव बघाय जातात. मी न्हाई जात. काय बघू? हा डबा काय, दमले की खाली ठेवता येतोय गे."

मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि मी रडले. ती म्हणाली, "पुरे, पुरे. पिठाला वल लागंल."

मग मी डबा उचलला, मागच्या सीटवर बांधला आणि तिला विचारलं, हा कुणाच्या घरी द्यायचा. ती नको नको म्हणत राहिली. दुसऱ्या दिवसापासून वाटेवरच्या वाड्यांना पीठ मी पोचवायला लागले. जरा लवकर निघावं लागायचं. म्हाताऱ्या ठरलेल्या उंचवट्यांपाशी माझी वाट बघत उभ्या असायच्या, आणि मी शाळेत पोचायची ती नाचणीच्या पिठानं पांढरी होऊन. पण घंटेआधी. शाळेत असेपर्यंत एकदाही घंटा चुकली नाही. आक्काचा गुडघा त्याच आठवड्यात बरा झाला.

आता मला हल्याळच्या बाजूला कायमची नोकरी आहे. माझी स्वतःची गाडी आहे, तीही उंचच घेतली. निघताना मला एकच घोर होता की माझ्यामागं त्या शाळेचं काय होणार. माझ्या जागी नवी मुलगी आली, तीही आक्काच्याच खोलीत राहते. परवा आक्काला फोन केला आणि विचारलं, बाई कशी आहे.

"पोरगी चांगली हाय," आक्का म्हणाली. "पन उंच हाय गे. लई उंच. दोनी पाय टेकतात तिचे, त्यामुळं सारखी खाली पाय टाकतीय, ऐकत न्हाई. आज नाल्यात पडली."

"मग?"

"मग काय? उंच मानसाला शिकवायला येळ लागतोय. उद्या परत बसवते. त्या शाळेला मी कुलूप लागू देत न्हाई."